आईचे प्रतिपिंड

"अँटिबॉडीला 'प्रतिपिंड' हा शब्द ज्या शहाण्यानं काढला, त्याला एकदा नाशकात आणा आणि रामकुंडावर उभा करा," असं शेजवळ मॅडम आठवड्यातून एकदा तरी म्हणायच्या. म्हणायच्या कसल्या, ओरडायच्या. "तिथं डोकं भादरून बसलेल्या माणसांना विचार म्हणावं, पिंड म्हणजे काय. मग ये माझ्यासमोर तुझा शब्द घेऊन."

हळू बोलणं त्यांना येतच नव्हतं. फक्त पेशंटला निकाल सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. तेव्हा दार लावून त्या इतक्या हळू बोलायच्या की दाराला लागून बसणाऱ्या मला अक्षर ऐकू यायचं नाही. दार उघडलं की परत सुरू. पंख्यावर चिडायच्या, डुगडुगणाऱ्या स्टुलावर चिडायच्या, मशीनचं झाकण नीट बसत नाही म्हणून मशीनचा उद्धार करायच्या. माझ्यावर तर काय, मी समोरच असायचो.

शहरातला एक सरकारी दवाखाना, त्याचं नाव मी घेणार नाही. त्यात एचआयव्ही तपासणीच्या दोन खोल्या. समुपदेशकाची जागा कायम रिकामी, त्यामुळे रक्त काढायचं, तपासायचं आणि निकाल समजावून सांगायचा, ही तिन्ही कामं मॅडमच करायच्या. मी लॅब टेक्निशियन, परमनंट. त्या एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, आणि कंत्राटी. त्यांच्यापुढं मला काहीच कळत नाही, हे दवाखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण माझी नोकरी पक्की आणि त्यांची दर वर्षी मुदतवाढीच्या कागदावर लटकलेली. आज हे लिहिताना डोक्यात तिडीक जाते. तेव्हा जात नव्हती, हेही सांगून टाकतो.

त्या मनमाडच्या. वडील रेल्वेत गँगमन होते. रोज सकाळच्या गाडीनं नाशिकरोड, तिथून सिटी बस. गाडीत त्यांचे पेशंटही असायचे, त्यातल्या एकालाही त्या कधी ओळख दाखवायच्या नाहीत. समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाला काल तासभर धीर दिलेला असेल, तरी त्याच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत बसायच्या. तो बोलला तर बोलायच्या. "मी हाक मारली की शेजारचा विचारणार, ही मॅडम तुला कशी काय ओळखते? मग त्यानं काय सांगायचं?" एका पेशंटची बहीण मला म्हणाली होती, तुमच्या मॅडमला लय माज हाय, गाडीत बघून न बघितल्यासारखं करतात. मी हे मॅडमना सांगितलं तर त्या चक्क खूश झाल्या.

पेशंटची नावं आमच्या दोघांतही घ्यायची नाहीत, नंबरानंच बोलायचं, हा त्यांचा दंडक होता. म्हणून पुढं मी जे सांगणार आहे त्यात कुणाचंच नाव येणार नाही.

एकदा वॉर्डातल्या एका डॉक्टरनं बाळंतिणीच्या केसपेपरवर लाल स्केचपेननं एवढं मोठं 'एचआयव्ही' लिहिलं आणि तो कागद तिच्या कॉटला अडकवून ठेवला. भेटायला येणारा जो तो वाचतोय. मॅडमना कळलं तशा त्या जिने चढून वर गेल्या, कागद काढला, त्यावर पांढरी पट्टी चिकटवली आणि डॉक्टरला सगळ्या वॉर्डादेखत विचारलं, "तुमची शुगर किती आहे? सांगा, शर्टावर लिहून देते." त्याचा मेमो आला. मॅडमनी त्याच दिवशी उत्तर दिलं, स्वच्छ अक्षरात, एक काना-मात्रा चुकलेली नाही. असे सगळे मेमो त्यांनी एका प्लॅस्टिकच्या फायलीत लावून ठेवले होते आणि वर लिहिलं होतं, 'प्रेमपत्रं'.

नर्सिंगच्या मुली आमच्याकडं शिकायला यायच्या, तेव्हा मॅडमचं एक वेगळंच रूप दिसायचं. चिडचिड तीच, पण तिला धार यायची.

"हा माझा हात म्हणजे व्हायरस घुसलेली पेशी," डावा हात पुढं करून त्या म्हणायच्या. "व्हायरस आत शिरतो आणि त्या पेशीकडूनच स्वतःची प्रथिनं बनवून घेतो. त्यातलं एक प्रथिन पेशीच्या बाहेरच्या आवरणावर येऊन बसतं. आता प्रतिपिंडाला असतात दोन हात आणि एक शेपूट. हातांनी ते प्रथिन धरायचं, शेपूट बाहेर ठेवायचं. ते शेपूट बघून मारेकरी पेशी येतात आणि त्या बाधित पेशीचा निकाल लावतात. कळलं?"

मुली माना हलवायच्या.

"काय कळलं? एवढं सोपं असतं तर मी इथं कशाला बसले असते? व्हायरसचा हरामीपणा बघा. ते प्रथिन मूठ वळून बसतं, वर साखरेचा थर. सीडी-फोर नावाचं प्रथिन लागलं की मूठ उघडते. आणि सीडी-फोर तर त्याच पेशीच्या अंगावर असतं. म्हणजे मूठ उघडायलाच पाहिजे ना? म्हणून हा आतून ते सीडी-फोरच ओढून काढतो आणि मोडीत घालतो. मूठ बंदच. बिचारे प्रतिपिंड येतात, पण धरायला जागाच नाही. ओळख पटते, पकड बसत नाही. आपल्याकडच्या सरकारी चौकशांसारखं."

या मुठीवर त्यांना पीएच.डी. करायची होती. ती मूठ उघडी ठेवता आली तर प्रतिपिंडांना पकड मिळेल, यावर जगात कुठं कुठं काम चाललंय ते त्या गाडीत मोबाईलवर वाचत यायच्या. गाइडकडं गेल्या तेव्हा त्यानं आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग वडील काय करतात ते विचारलं, आणि मग सांगितलं की जागा भरली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, डबा खाताना, आणि वर म्हणाल्या, "भाजी खारट झालीये आज." मला त्या माणसाला शोधून चार शिव्या घालाव्याशा वाटल्या. मी पाण्याची बाटली पुढं केली.

आता त्या शब्दाचं सांगतो. सगळे फॉर्म मराठीत करायचे असा वरून हुकूम आला. निकालाच्या छापील कागदावर ओळ आली, 'आपल्या रक्तात एचआयव्हीचे प्रतिपिंड आढळले आहेत.' दिंडोरीकडचा एक पोरगेला ड्रायव्हर तो कागद घेऊन बाहेर पडला. आत मॅडमनी त्याला सगळं समजावलं होतं, पण त्या वेळी माणसाच्या डोक्यात काय शिरणार? दारातल्या मावशींना त्यानं विचारलं, हे प्रतिपिंड म्हणजे काय? मावशी म्हणाल्या, पिंड म्हणजे पिंडच असंल बाबा. मग त्यानं रामकुंडाचा रस्ता विचारला. मावशींनी सरळ सांगितला, कुठली बस ते पण सांगितलं.

हे कळलं तशा मॅडम डबा तसाच टाकून उठल्या. मला म्हणाल्या, चल. रिक्षात सबंध वेळ मॅडम त्या शब्दाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. रामकुंडावर तो एका गुरुजींपुढं उकिडवा बसला होता. माणूस जिवंत असताना पिंड द्यायचे तर काय काय सामान लागतं, असं विचारत होता. गुरुजी बिचारे गांगरले होते.

मॅडम त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या. मला हातानंच लांब थांबायला सांगितलं. आवाज अर्थातच खाली. पण शेवटी शेवटी राहवलं नाही त्यांना, तेवढं मला ऐकू आलं, "अरे गाढवा, तुझ्या शरीरानं व्हायरसला ओळखलंय, एवढंच लिहिलंय त्यात. ओळखतंय म्हणजे जिवंत आहे ते! गोळ्या घे आणि म्हातारा हो." तो रडता रडता हसला. आज त्याची स्वतःची पिकअप आहे. द्राक्षांच्या दिवसांत तो मॅडमना पेटी आणून द्यायचा आणि गोळ्या वेळेवर घेतल्या का म्हणून वर बोलणी खाऊन जायचा.

त्या दिवसापासून मॅडम प्रत्येक कागदावर छापील ओळीखाली स्वतःच्या हातानं लिहायला लागल्या, 'प्रतिपिंड म्हणजे शरीरानं विषाणूला दिलेलं उत्तर. याचा पिंडाशी संबंध नाही.' तान्ह्या बाळांच्या कागदावर वेगळी ओळ असायची, 'हे प्रतिपिंड आईचे आहेत. बाळाचा स्वतःचा निकाल अजून यायचा आहे.' कारण पोटात असताना आईचे प्रतिपिंड बाळाच्या रक्तात उतरतात आणि हळूहळू विरतात, दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. बाळाला काही नसलं तरी ही चाचणी होच म्हणते. व्हायरस खरंच आहे का हे बघायला दुसरी चाचणी असते.

दवाखान्याच्या साहेबांनी मेमो काढला. शासनमान्य नमुन्यात हस्तलिखित फेरफार. शब्द बदला म्हणून मॅडमनी वर पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की सदर शब्द कोशात आहे. कोशात! माणूस घाटावर जाऊन बसला आणि हे कोश दाखवतायत. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "जाधव, तुम्ही तरी असले उद्योग करू नका." मी म्हणालो, नाही सर.

आणि मी नाहीच केले. मॅडमची आई आजारी पडली म्हणून त्या चार दिवस रजेवर होत्या. त्या चार दिवसांत सातपूरहून एक बाई सहा महिन्यांची पोरगी घेऊन तपासणीला आली. बाईला स्वतःला एचआयव्ही होता, औषधं व्यवस्थित चालू होती. पोरीची व्हायरसची चाचणी दीड महिन्यावर झाली होती, ती स्वच्छ. आता नियमाप्रमाणं प्रतिपिंडांची. ती पॉझिटिव्ह आली, तशी ती येणारच होती. व्हायरसच्या पुढच्या चाचणीसाठी पोरीच्या रक्ताचे थेंब मी कार्डावर घेतले, आणि हातातला कागद बाईला देऊन टाकला. छापील, कोरा. मेमोच्या भीतीनं ती एक ओळ खाली लिहिली नाही. तोंडी काहीतरी सांगितलं, घाईघाईत.

बाईनं कागद पोरीच्या लसीकरणाच्या कार्डात ठेवला. सासूला तो सापडला, तिनं तो शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत. आठ दिवसांत बाई पोरीला घेऊन नांदगावकडं माहेरी. नवरा तिला गाडीत बसवायलाही आला नाही.

मॅडम रजेवरून आल्या, त्यांनी नक्कल बघितली. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्या काहीच बोलल्या नाहीत. दिवसभर एक शब्द नाही. अहो, मॅडमचं गप्प राहणं काय असतं ते मला विचारा.

पोरीची व्हायरसची चाचणीही स्वच्छ आली. मॅडमनी निरोप धाडला, सासू-नवऱ्याला बोलावून समजावलं. सासू म्हणाली, "एका कागदावर हाय म्हनता, एकावर नाय म्हनता. आमाला येडं समजता का?" दीड वर्षाची झाल्यावर शेवटची प्रतिपिंडांची चाचणी होते, तेव्हा काय ते ठरेल, असं ती स्वतःच ठरवून गेली. जाताना म्हणाली, "कागद चांगला आला तर पोरगी आमची, घेऊन जाऊ." मॅडमनी विचारलं, आणि सून? "तिचं काय? तिनंच तर आनलं घरात."

नवरा शेजारीच बसला होता. खाली मान घालून चपलेचा अंगठा खरडत होता. आता ऐका. लग्नाच्या आधीपासून त्याचं स्वतःचं नाव आमच्या रजिस्टरला होतं. मॅडमनी त्याला तेव्हाच बजावलं होतं, लग्न करायचं तर आधी मुलीला सांग. त्यानं होय होय म्हणून मान हलवली होती. बायकोला त्याचं खूप उशिरा कळलं, आईला कधीच नाही. एका वाक्यात त्या म्हातारीचं तोंड बंद झालं असतं. मॅडमनी ते वाक्य उच्चारलं नाही. ती दोघं गेल्यावर मात्र त्यांनी रक्त काढायचा रबरी पट्टा टेबलावर इतक्या जोरात आपटला की तो तुटला.

"गुप्तता सगळ्यांची असते रे जाधव," त्या म्हणाल्या. "त्या भडव्याची पण."

शिवी त्या एवढी एकच देत आणि तीही वर्षाकाठी एकदा.

त्यानंतर ती बाई औषधाला माहेराहून मनमाडला येऊन मॅडमच्याच गाडीनं यायला लागली. गाडीत ती मॅडमना आपणहून हाक मारायची, जागा धरून ठेवायची, पोरगी मॅडमच्या मांडीवर बसून यायची. पोरीला चालता यायला लागलं तसा बाईच्या तोंडावरचा रंग उडत चालला. एक दिवस आमच्या खोलीत आली, दार लावायचंही भान नव्हतं, म्हणून मला ऐकू आलं.

"मॅडम, तुमी कागदावर हाय असंच लिवा ना."

"काय?"

"पोरीला हाय म्हनून लिवा. मंग नाय नेणार ते तिला. माज्यापाशीच राहील."

लेकरू बरं आहे हे कळण्याचीच आईला भीती वाटावी, असं कुणी करून ठेवलं हिचं? सासूनं, नवऱ्यानं, आणि त्या कोऱ्या कागदाच्या पायी मीसुद्धा. मॅडम तिच्यावर अशा ओरडल्या की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. "खोटं मी लिहिणार नाही! कुणासाठीच लिहिणार नाही! आणि पोरगी पण कुणी नेणार नाही. पाच वर्षांच्या आतलं लेकरू आईकडंच राहतं, कायदा आहे तसा. त्या दिवशी मी इथं असेन. समजलं?" बाई रडायला लागली. मॅडमनी दार लावलं. मग काही ऐकू आलं नाही.

त्या वर्षी मॅडमची मुदतवाढ आली नाही. कारण कुणी दिलं नाही, विचारायची हिंमत आमच्यातल्या कुणी केली नाही. निरोप समारंभ म्हणून साहेबांनी नारळ दिला, तो त्यांनी टेबलावरच ठेवला आणि 'प्रेमपत्रं' फाइल काखेत मारून निघून गेल्या. सह्यांचा एक अर्ज करू या, असं मी चार जणांना म्हणालो. चारही जण हो म्हणाले. अर्ज मी लिहिला नाही.

दोन महिन्यांनी पोरगी दीड वर्षाची झाली. सकाळी मी खिडकी उघडली तर पेशंटच्या बाकावर मॅडम बसलेल्या, मांडीवर पोरगी, शेजारी बाई. बाकीच्यांसारखा नंबर घेऊन बसल्या होत्या. मी आत या म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी इथं कामाला नाही. नंबर येऊ दे." समोरच्या बाकावर सासू आणि नवरा. सासूनं पोरीसाठी नवा फ्रॉक आणला होता, तो पिशवीतून काढून सारखा झटकत होती.

रक्त मी काढलं. चाचणी मी केली. प्रतिपिंड नव्हते. मी दार लावून आधी तिच्या आईला सांगितलं, आणि ती माउली आनंदानं नाही हो, धसक्यानं रडायला लागली. दार उघडलं तशी माझ्या तोंडावरूनच सासूनं ओळखलं, कागद चांगला आलाय. आम्ही बाहेर आलो तशी ती फ्रॉक घेऊन उठली आणि मॅडमच्या कडेवरच्या पोरीपुढं तिनं दोन्ही हात पसरले. वर्षभरात पहिल्यांदा.

"चला माज्या बाई, आपल्या घरी. झाली चांगली. सुटली आईच्या रगतातून."

मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता दवाखाना डोक्यावर घेतील. पण बोलल्या त्या त्यांच्या बंद दाराआडच्या आवाजात.

"आजी, दीड वर्ष हिच्या रक्तात जे होतं ना, ते आजार नव्हतं. ते हिच्या आईनं दिलेलं होतं, हिला सांभाळायला. आज ते संपलं. आता हिला सांभाळायला नुसती आईच आहे. तिला सोडून नाही जायची ही कुठं."

मग त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, बराच वेळ. मीही बघत होतो. माझ्यामागच्या कपाटात त्याची फाइल होती. तो चपलेकडं बघत राहिला.

मॅडमनी पोरगी तिच्या आईच्या कडेवर दिली, बाईची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि दोघी निघाल्या. पायऱ्यांवर बाईचा पाय अडखळला तर तिच्यावर खेकसल्या, "बघून चाल, लेकरू आहे हातात!" फाटकाशी रिक्षावाल्याशी काहीतरी भांडण झालं, ते खिडकीपर्यंत ऐकू येत होतं. पोरगी मॅडमच्या खांद्यावरचा पिशवीचा बंद ओढत होती. रिक्षा वळून गेली. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

सासू फ्रॉक हातात धरून खिडकीशी आली.

"साहेब, ही बाई कोन तुमची?"

सांगण्यासारखं केवढं होतं. साहेब मागं दारात येऊन उभे होते.

"कुणी नाही," मी म्हणालो. "इथं कामाला नाही ती."